चूलबंद हक्क

आळेफाट्याला बियाण्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. खाली कांद्याचं बी आणि फवारणीची औषधं, वर आम्ही पाच-सहा जण आणि आमचे कॉम्प्युटर. औषधांचा वास जिन्यानं वर यायचा आणि जेवणाच्या डब्यांत जाऊन बसायचा. गावोगावच्या दूध डेअऱ्या आणि कांदा-टोमॅटोचे व्यापारी यांच्यासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. आमचे मालक पूर्वी एका डेअरीचे सेक्रेटरी होते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणायचे. प्रोग्रॅममधलं त्यांना काही कळत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. गाय पाळायला गाय व्हावं लागत नाही, असं ते ग्राहकांना सांगायचे. ग्राहक गवळीच असल्यामुळे त्यांना ते पटायचं.

मी तळेघरची. आमच्याकडे भात, नाचणी आणि एसटीची वाट बघणं, ही तीन पिकं. फाट्यावर खोली घेऊन राहणारी आमच्या घरातली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय काम करते हे आईला सांगणं भाग होतं. ऑफिसात मला कुणालाच नको असलेलं काम मिळालं होतं: कुणाला कुठं शिरू द्यायचं ते लिहून ठेवायची फाइल. आईला म्हटलं, कुणी कुठल्या खोलीत जायचं ते मी ठरवते. आई म्हणाली, म्हणजे वॉचमन. मी जरा वेळ फणफणले, पण खरं सांगायचं तर इतकं नेमकं वर्णन मला माझ्या बायोडाटातही जमलेलं नाही.

प्रत्येक प्रोग्रॅमचं लिखाण सर्व्हरवर एका वेगळ्या कप्प्यात असतं, त्याला आम्ही रेपो म्हणतो. त्यात आजचं लिखाण असतंच, शिवाय आजवर कुठली ओळ कुणी बदलली हेही नावानिशी राहतं. कुणी कुठला रेपो नुसता वाचायचा आणि कुणी त्यात लिहायचं, हे त्या एका साध्या फाइलीत ठरतं. एकेका माणसाचं नाव एकेका रेपोपुढे लिहीत बसलं तर डोकं फिरतं. म्हणून माणसांचे गट करायचे, रेपोंचे गट करायचे, आणि या गटाला त्या गटावर अमुक हक्क, अशी एक ओळ टाकायची.

हे मी भाऊंना समजावून सांगत होते तेव्हा ते पेंगत होते. गट हा शब्द आला आणि ते ताठ झाले. गट म्हणजे काय हे जुन्नर-आंबेगावातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्यांनी खुर्ची ओढली, चहा सांगितला आणि म्हणाले, आता हे मी बघतो.

हक्क तीन प्रकारचे, असं मी सांगितलं. पहिला नुसतं वाचायचा. दुसरा लिहायचा. तिसरा लिहायचा तर खराच, पण मागचं लिहिलेलं पुसून टाकायचाही. भाऊंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे आवतनासारखं."

आमच्या भागात लग्नाचं आवतण तीन तऱ्हेनं देतात. ओळखीपाळखीच्यांना नुसतं लग्नाला या, अक्षता टाका. जरा जवळच्यांना घरटी एक, म्हणजे घरातल्या एकानं जेवायला यायचं. आणि अगदी आपल्यातल्यांना चूलबंद. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. लहान-थोर आणि त्या दिवशी घरी मुक्कामाला असलेला पाहुणासुद्धा, सगळ्यांनी मांडवात यायचं. भाऊंच्या हिशेबानं वाचायचा हक्क म्हणजे अक्षता, लिहायचा म्हणजे घरटी एक, आणि पुसायच्या हक्काला त्यांनी चूलबंद हे नाव देऊन टाकलं. ऑफिसात तेच रूढ झालं. नवीन मुलगा आला की दुसऱ्या दिवशी विचारायचा, मला चूलबंद कधी मिळणार?

मग भाऊ सांगायचे आणि मी टाइप करायचे. ऑफिसात कामाला असलेले ते 'घरचे'. पूर्वी कामाला होते, आता सोडून गेलेत पण अडीनडीला येतात, ती 'भावकी'. डेअऱ्यांचे सेक्रेटरी, व्यापाऱ्यांची हिशेब बघणारी मुलं, असे सगळे 'पावणे'. रेपोंचेही गट झाले. एक 'डेअरी', एक 'बाजार', आणि जे प्रोग्रॅम कुणी वापरत नव्हतं त्यांचा 'माळा'. माळ्यावर एका मंगल कार्यालयाच्या बुकिंगचा प्रोग्रॅम पडून होता. कार्यालयाच्या मालकाला सगळ्या तारखा तोंडपाठ असल्यामुळे त्याने तो एकदाही उघडला नव्हता.

भाऊंशी माझी पहिली लढाई पावण्यांवरून झाली. ते म्हणाले, पावण्यांचा गट घरच्यांच्या गटात टाक. दारात आलेला पाहुणा घरचाच असतो. मी सांगितलं की असं केलं तर सगळे सेक्रेटरी आमच्या कोडमध्ये लिहायला लागतील. ते म्हणाले, लिहिणार नाहीत, चांगली माणसं आहेत. एका गटात दुसरा गट टाकला की आतल्यांना बाहेरच्यांचं सगळं मिळतं, हे मी त्यांना वाटीत वाटी ठेवून दाखवलं, तेव्हा कुठं ते नाराजीनं मागे हटले. पाहुण्याला ओसरीवर बसवून ठेवल्यासारखं वाटतं, असं मात्र त्यांनी बोलून दाखवलं.

फाइलीची किल्ली फक्त भाऊंच्या लॅपटॉपवर होती. टाइप मी करायचे, एंटर ते दाबायचे. दाबण्याआधी चष्मा पुसायचे आणि ऑफिसकडे एकवार बघून घ्यायचे. मुहूर्ताचा नारळ फोडायची संधी रोज मिळत नसते.

आता ताईचं सांगते. डेअरीचा मूळ प्रोग्रॅम भाऊंच्या मुलीनं लिहिलेला. भाऊ सेक्रेटरी होते तेव्हा ती कॉलेजात होती. फॅटच्या तक्त्यावर बोट फिरवत दुधाचा भाव काढताना बापाची होणारी घालमेल तिने बघितली आणि दुधाच्या काट्यापासून पावतीपर्यंत सगळं एकटीनं लिहून काढलं. पुढे त्याच प्रोग्रॅमवर हे ऑफिस उभं राहिलं. मला काम शिकवलं तेही तिनेच. मी चुकले की ती रागवायची नाही. नुसती माझ्या खुर्चीत बसायची आणि मला उभं करायची. ते जास्त लागायचं.

तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. सत्यनारायणाचा प्रसाद ऑफिसात वाटून झाल्यावर भाऊ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ताईचं नाव घरच्यांतून काढ, पावण्यांत टाक. मला वाटलं चेष्टा करतायत.

"लेक दिल्यावर पावणीच की," ते म्हणाले. "तिकडं माप वलांडून गेली, आन हितं नाव कशाला आडकवून ठेवायचं?"

ती पुण्यात बसूनही लिहू शकते, इंटरनेटला माप ओलांडावं लागत नाही, असं मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग एंटर दाबला. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांचे डोळे बघून तो नीट करताही येईना.

लगोलग दुसरी आज्ञा झाली. जावईबापूंना टाक. कुठल्या गटात, असं मी विचारलं. घरच्यांत. कुठला हक्क? चूलबंद. कुठल्या रेपोंवर? हे काय विचारणं झालं का, म्हणाले, सगळ्या.

जावई पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत साहेब होते. काय करतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते करताना त्यांना फार बोलावं लागायचं. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, कुणाच्याही पाठीवर थाप मारणारा, आणि सगळ्यातलं थोडं थोडं येणारा. या शेवटच्या गोष्टीची मला भीती वाटायची. मी भाऊंना म्हटलं, त्यांना वाचायला द्या, लिहायला कशाला? जावयाला आपण पंगतीत पहिला बसवतो, पण म्हणून कुणी स्वयंपाकघरात फोडणी द्यायला पाठवत नाही.

भाऊंनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यान्ला नाय म्हणायला मला काय अवघड न्हाई. पन ती नाय पुढं कुनाला ऐकून घ्यावी लागती, तुला ठाव हाय का?"

मी ओळ टाइप केली.

त्यानंतर ताईचे फोन सुरू झाले. सुरुवातीला हसत विचारायची, माझं लिहायचं कधी देतेस गं? मी म्हणायचे, तुझ्या वडिलांना विचार. ती म्हणायची, विचारलं, ते म्हणतात आता तुला कशाला दगदग. मग ती हसायची थांबली. रविवारी, सुट्टीला ती प्रोग्रॅममधल्या दुरुस्त्या करायची आणि मला मेलनं पाठवायची. पावण्यांना लिहायचा हक्क नसल्यामुळे मी त्या माझ्या नावानं टाकायचे. रेपोत मग नोंद व्हायची ती माझी. तिच्या प्रोग्रॅमच्या इतिहासात लग्नानंतर तिचं नाव एकदाही आलं नव्हतं, आणि माझं नाव मात्र असं चढत चाललं होतं की कुणाला वाटावं मी रविवारीही घरी बसत नाही. एकदा ती म्हणाली, "तुझं नाव बघितलं की मला तुझा राग येतो. तुझी चूक नाही, तरी येतो." मला तेव्हा वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं.

अशात अधिक महिना आला. अधिकात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात. धोंडे म्हणजे पुरण भरून उकडलेले कणकेचे गोळे. वर कपडे, एखादं भांडं, आणि तूप नको म्हणेपर्यंत. भाऊंनी मुलगी-जावयाला चार दिवस राहायलाच बोलावलं. पहिल्या दिवशी जेवण झालं. दुसऱ्या दिवशी, दोन धोंडे अजून पोटात असताना, जावईबापूंना करमेना. ते ऑफिसात आले.

भाऊंनी त्यांना आपली खुर्ची दिली. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि डेअरीचा रेपो वाचायला लागले. मध्येच हसले. म्हणाले, अहो, इथं कोडमध्ये 'गाय' आणि 'म्हैस' असं लिहिलंय, हे काय प्रोफेशनल दिसतं का? उद्या मोठ्या कंपनीला दाखवायचं म्हटलं तर? मी म्हणाले, दूध गाईचंच असतं, नाहीतर म्हशीचं. ते म्हणाले, हो, पण टाइप ए आणि टाइप बी म्हटलं की कसं वाटतं बघा. भाऊंनी मान डोलावली. उंटावरच्या शहाण्याला ऑफिसची सगळी दारं आम्हीच आवतण देऊन उघडून ठेवली होती. मी जेवायला खोलीवर गेले तेवढ्यात त्यांनी सगळीकडची गाय आणि म्हैस बदलली. जुन्या नोंदींची फार गर्दी दिसते म्हणून इतिहासही साफ केला. चूलबंद हक्काचा वापर त्या फाइलीत पहिल्यांदाच झाला होता.

डेअरीच्या रेपोत लिहिलेलं दुपारनंतर आपोआप गावोगावच्या कॉम्प्युटरवर उतरायचं. संध्याकाळचं संकलन सुरू झालं. फॅटच्या मशीनकडून 'म्हैस' येत होतं, आणि प्रोग्रॅमला आता म्हैस नावाचं काही माहीत नव्हतं. जे ओळखता येत नाही ते गाय धरायचं, असं त्यात पहिल्यापासूनच होतं. त्यामुळे सगळ्या म्हशी गाई झाल्या.

पहिला फोन आला तो एका सेक्रेटरीचा. मागे कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. सेक्रेटरी म्हणाले, भाऊ, हितं एक जण म्हैस घेऊन डेअरीत आलाय, म्हणतो बघून घ्या आणि सांगा ही काय आहे ते. भाऊंना वाटलं एकाच गावात झालंय. मग दुसरा फोन वाजला, मग तिसरा, मग दोन फोन एकदम. एका आजोबांनी पावती परत करत सांगितलं होतं, की म्हशीला गाय म्हटलेलं म्हैस सहन करील, पण गाईचा भाव मी सहन करणार नाही. जावईबापूंनी ऑफिसभर येरझाऱ्या घालत, हे असं व्हायला नको होतं, असं चार-पाच वेळा सांगितलं. त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

जुनी प्रत माझ्याकडे होती. ती मी परत टाकायला घेतली, पण तेवढ्यानं भागेना. संकलन सुरू झाल्यापासूनच्या नोंदी नव्या नावांनी साठल्या होत्या आणि जुना प्रोग्रॅम त्यांच्यावर अडकत होता. ती गाठ कुठं आहे ते एकालाच माहीत होतं. मी भाऊंना न विचारता ताईला फोन केला.

ती भाच्याच्या स्कूटरवर बसून आली. अंगावर धोंड्याच्या दिवशी घेतलेली नवी साडी, तिची किमतीची चिठ्ठी अजून पदराच्या आतल्या बाजूला लोंबत होती. काही न बोलता तिने मला खुर्चीतून उठवलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. चहा येऊन निवायच्या आत तिने दुरुस्ती करून ठेवली, एकदा तपासली, आणि सर्व्हरकडे पाठवली. सर्व्हरनं ती परत केली. पडद्यावर आलं: परवानगी नाही.

ती ओळ आम्ही सगळ्यांनी वाचली. फोन वाजत होते, ते कुणी उचलले नाहीत. जावईबापू पुढे झाले आणि म्हणाले, अगं, त्यात काय, माझ्या लॉगिनवरून टाक. मनापासून म्हणत होते ते. ती नको म्हणाली. मी म्हटलं, माझ्यावरून टाक, नेहमी टाकतो तसं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

मग तिने खुर्ची भाऊंकडे वळवली. भाऊंनी एकदा जावयाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. त्यांच्या तोंडावर ती जुनी भीती मला स्पष्ट दिसत होती. जावई बिचारे खिडकीतून फाट्यावरच्या एसट्या बघत होते. त्यांना कुणी कुणाला घाबरतंय याचा पत्ताच नव्हता. शेवटी भाऊंनी आपला लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "घाल तिला घरच्यांत."

मी फाइल उघडली. 'घरचे' असलेल्या ओळीवर आले. तेवढ्यात ताई म्हणाली, "नको."

भाऊंना कळेना. म्हणाले, अगं, घरच्यांत घालतोय, चूलबंद देतोय, आणखी काय पाहिजे?

"घरच्यांत घातलं की पुन्हा काढता येतं, दादा," ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. "मागं काढलंच की तुमी. मला कुठल्याच गटात घालू नका. कुणाची कोण म्हणून मला तिथं लिहायचं नाही. नुसतं माझं नाव घाला."

एकट्या माणसाचं नाव हक्काच्या ओळीत लिहायचं नाही, ही आमची शिस्त. ती मला हिनेच शिकवलेली. उद्या प्रत्येक जण म्हणेल माझं वेगळं लिहा, मग गट कशाला केले? ती शिस्त मी बाजूला ठेवली. डेअरीच्या रेपोखाली नवी ओळ घेतली आणि थांबले.

भाऊंनी चष्मा पुसला. खाकरले. मग अगदी सेक्रेटरी असताना पावतीवर विचारत असतील तशा सुरात विचारलं, "आडनाव कोनचं लावायचं? आपलं का त्यांचं?"

जावईबापूंनीही वळून बघितलं. हा प्रश्न त्यांनाही महत्त्वाचा वाटला असावा.

"आडनाव नको," ताई म्हणाली.

मी तिचं नाव लिहिलं. इंग्रजी अक्षरांत, सगळी छोटी, मागे-पुढे काही नाही. गटांच्या त्या गर्दीत ते फार लहान दिसत होतं. भाऊ वाकले, एकेक अक्षर बोटानं वाचलं, आणि या वेळी ऑफिसकडे न बघता एंटर दाबला. ताईनं दुरुस्ती पुन्हा पाठवली. सर्व्हरनं घेतली. थोड्या वेळानं गावोगाव म्हशी पुन्हा म्हशी झाल्या, आणि रेपोच्या इतिहासात सगळ्यात वर तिचं नाव आलं. ती ते बघत बसली. मी तिच्या पदराची चिठ्ठी तोडायला वाकले तर म्हणाली, थांब जरा.

भाऊंनी वाजणारा एक फोन उचलला आणि झालंय म्हणून सांगितलं. पलीकडून कुणी केलं असं विचारलं असावं. भाऊ म्हणाले, "आमची ले..." आणि थांबले. पडद्याकडे बघून त्यांनी तिचं नाव घेतलं. नुसतं नाव. पलीकडच्याला कळलं नसणार, कारण तो पुन्हा काहीतरी विचारत होता.

"अवो, ती म्हंजे," भाऊ म्हणाले, "जिनं ह्यो प्रोग्रॅम लिवलाय ती."